कुलूप बदललं, पण मागचं दार उघडंच

 

आधीच सांगून टाकतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. ३४ वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली. बदलीची नोकरी. रायपूर, जबलपूर आणि शेवटी बडोदे. ईमेलच्या सुरक्षेवर बोलायला या मंडळींनी मला बोलावलं ते माझ्या ज्ञानासाठी नाही. माझ्याकडून चूक झाली आणि त्या चुकीत माझ्या मावसभावाचे ५५,००० रुपये गेले, म्हणून बोलावलं. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो, मग कामाचं सांगतो.

२०१९ची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी साडेसहाला चहा घेताना मोबाईल बघितला तर मेल होता, तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून लॉगिन झालं आहे, ते तुम्हीच केलंत का? वेळ रात्री दोनची. मी तर दोनला घोरत होतो. मुलीला बेंगळुरूला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, आधी पासवर्ड बदला, चहा नंतर." मी बदलला. दहा मिनिटांत. मग दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होतो की माझ्या खात्यात चोर शिरला होता आणि मी त्याला हाकलला.

चोर शिरला कसा, ते नंतर कळलं. एका खरेदीच्या वेबसाइटवर मी कधीकाळी खातं उघडलं होतं आणि पासवर्ड तोच ठेवला होता, जो मेलचा. त्या साइटची यादी कुठेतरी फुटली. असल्या फुटलेल्या याद्या विकल्या जातात, आणि घेणारे तोच ईमेल पत्ता आणि तोच पासवर्ड इतर सगळ्या ठिकाणी लावून बघतात. त्यासाठी कोणी बसून टाइप करत नाही, ते काम प्रोग्रॅम करतो. माझं कुलूप कोणी फोडलं नाही. माझ्याच किल्लीने उघडलं.

पुढे काय झालं ते ऐका. फेब्रुवारीत इंदूरला मुंज होती. पंगत बसली होती. माझी ताई, नाशिकची, पानात जिलबी वाढत फिरत होती. मावसभावाची बायको, आमच्या वहिनी, माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई किती छान चालतात हो आता! गुडघे मानवले म्हणायचे." मला काही कळेना. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं हे खरं, पण ते पुढे ढकललं होतं. मी तसं म्हणालो. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे.

नोव्हेंबरअखेरीस दादाला माझ्या नावाने मेल गेला होता. सुरुवात अगदी माझीच, 'प्रिय दादा, सा. न.', पुढे साध्या इंग्रजीत चार ओळी. ताईचं ऑपरेशन अचानक करावं लागतंय, पैसे कमी पडतायत, हॉस्पिटलच्या अकाउंटंटचा खाते नंबर देतोय, ताईला कळू देऊ नकोस, तिला लाज वाटेल. दादाने त्याच दिवशी पैसे पाठवले. मला फोन केला नाही. का? तर मला अवघड वाटू नये म्हणून. आणि पुढे ११ आठवडे विषयही काढला नाही, तोही त्याच कारणासाठी. आपल्याकडे दिलेल्या पैशाची आठवण करून देणं वाईट दिसतं. चोराला आपल्या चालीरीती ठाऊक असतील असं मला वाटत नाही. पण त्या त्याच्या पथ्यावर पडल्या हे नक्की.

आता प्रश्न असा, की पासवर्ड तर मी दिवाळीतच बदलला होता. मग नोव्हेंबरअखेरीस चोराला ताईच्या गुडघ्याचं कसं कळलं? हॉस्पिटलचा खर्चाचा अंदाज भाच्याने मला मेलवर पाठवला होता, तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे मी पासवर्ड बदलल्यानंतर.

मुंजीहून परतल्यावर मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली आणि लॅपटॉपवर माझा मेल उघडून बसली. पाच मिनिटांत तिला सापडलं. रात्री दोन ते सकाळी साडेसहा या साडेचार तासांत त्या माणसाने दोन कामं करून ठेवली होती. एक, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप दुसऱ्या एका पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था. याला फॉरवर्डिंग म्हणतात. दोन, एक फिल्टर. दादाच्या पत्त्यावरून काहीही आलं तर ते मला न दिसता थेट कचऱ्यात जावं. जुने मेल चाळून त्याने दादाला निवडलं होतं. आमच्या घराच्या वेळी दादाने मला हातउसने पैसे दिले होते, त्याची पत्रं मेलमध्ये होती. मग तो नुसता वाट बघत बसला. माझं येणारं प्रत्येक पत्र रोज त्याच्याकडे पोचत होतं. ताईचं ऑपरेशन आलं, तेव्हा त्याने माझ्यासारखाच दिसणारा एक पत्ता काढला, एका अक्षराचा फरक असलेला, आणि त्यावरून दादाला लिहिलं. मोबाईलवर पत्ता कुठे दिसतो? नाव दिसतं. नाव माझंच होतं.

मी पुढच्या दाराचं कुलूप बदलून खुशीत होतो. मागचं दार सताड उघडं होतं, आणि ते दार घराला आहे हेच मला माहीत नव्हतं.

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पासवर्डबद्दल सगळे बोलतात. मागच्या दारांबद्दल फार कमी लोक बोलतात. तेव्हा आपण मागून सुरुवात करू.

त्याआधी एक मिनिट, ईमेलला एवढं महत्त्व का? परवा मी वही घेऊन बसलो आणि माझ्या ईमेलला काय काय जोडलंय त्याची यादी केली. बँक, आयकर, विमा, म्युच्युअल फंड, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, औषधांचं दुकान, फेसबुक. यांतल्या बऱ्याच ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' म्हणून एक ओळ असते. ती दाबली की नवा पासवर्ड करायची लिंक कुठे येते? ईमेलवर. बँकेसारख्या ठिकाणी मोबाईलवरचा ओटीपीही लागतो, पण सगळीकडे लागतोच असं नाही. म्हणजे ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा अडकवलेली खुंटी. आपण मात्र त्याला टपालपेटी समजतो.

ऑगस्ट २०१२मध्ये अमेरिकेत वायर्ड मासिकाचा पत्रकार मॅट होनन याच्यावर असाच प्रसंग आला. त्याने स्वतःच तो लिहून ठेवलाय. त्याचा पासवर्ड कोणी ओळखला नाही. चोरांनी अ‍ॅमेझॉनच्या ग्राहकसेवेला फोन करून करून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले. ते अ‍ॅपलच्या ग्राहकसेवेला सांगून त्याच्या आयक्लाउडमध्ये शिरले, तिथून जीमेल, तिथून ट्विटर. जाता जाता त्याचा फोन, आयपॅड आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. लॅपटॉपमध्ये त्याच्या छोट्या मुलीचे फोटो होते. आणि हे सगळं कशासाठी? त्याच्या ट्विटरचं तीन अक्षरी नाव त्यांना आवडलं होतं, म्हणून. त्याची खाती एकमेकांना साखळीसारखी जोडलेली होती, आणि एक कडी सुटल्यावर बाकीच्या आपोआप सुटल्या.

चला, मागची दारं. मी जीमेलची उदाहरणं देतो, कारण बहुतेकांकडे तेच आहे. बाकीच्यांकडेही याच गोष्टी थोड्या वेगळ्या नावाने असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. फॉरवर्डिंगचं सेटिंग जीमेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये दिसत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपच लागतो. म्हणून तर मला ते कळलं नाही. निवृत्त झाल्यापासून मी मेल फक्त मोबाईलवर बघायचो. तुमच्यातल्या कितीजणांनी आपला मेल कॉम्प्युटरवर शेवटचा कधी उघडला होता? तेव्हा मुलगा, सून, नातू, शेजारचा मुलगा, ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा लॅपटॉप अर्धा तास मागा. मेल उघडा. वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह असतं. ते दाबा, 'सी ऑल सेटिंग्ज' म्हणा. वर आडव्या पट्टीत नावं दिसतील. 'फॉरवर्डिंग अँड पॉप आयमॅप' उघडा. तिथे तुमच्या ओळखीचा नसलेला कुठलाही पत्ता दिसला तर तो काढा. मग 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस' बघा. तुम्ही कधी फिल्टर बनवला नसेल तर ती यादी रिकामीच असायला हवी. नसली, तर काय लिहिलंय ते वाचा, आणि काढण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेवा. पोलिसांना दाखवायला उपयोगी पडतो. मी घेतला नव्हता. रागाच्या भरात काढून टाकला.

त्याच पट्टीत 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट' आहे. तिथे एक ओळ असते, 'ग्रँट अ‍ॅक्सेस टू युअर अकाउंट'. म्हणजे दुसऱ्या कोणाला तुमचा मेल उघडायची परवानगी. तिथेही कोणी अनोळखी नको. आणि मेलच्या पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत 'लास्ट अकाउंट अ‍ॅक्टिव्हिटी' असतं, त्याच्याखाली 'डीटेल्स'. ते दाबलं की तुमचं खातं अलीकडे कुठून कुठून उघडलं गेलं त्याचा तक्ता येतो. हिशेबखात्यातल्या माणसाला हे पान फार आवडतं. मी महिन्यातून एकदा ते बघतो, पासबुक भरून घेतल्यासारखं.

आता गूगल अकाउंटमध्ये जा, 'सिक्युरिटी' उघडा. 'युअर डिव्हायसेस'मध्ये कुठकुठल्या फोन-कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडं आहे ते दिसतं. माझ्या यादीत चार वर्षांपूर्वी मुलाला दिलेला जुना फोन होता आणि एक कॉम्प्युटर होता जो मला आठवेना. बायकोला आठवला. आमच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान. आधार कार्डाची प्रिंट काढायला गेलो होतो, त्याच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला, प्रिंट घेतली आणि वीस रुपये देऊन घरी आलो. लॉगआउट केलंच नव्हतं. दुकानदार भला माणूस आहे म्हणून ठीक. पण त्या खुर्चीवर दिवसाला पन्नास माणसं बसतात. सुदैवाने घरबसल्या त्या यादीतूनच 'साइन आउट' करता येतं. यापुढे प्रिंट हवी असेल तर पेनड्राइव्हवर फाइल न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं मागचं दार. आपल्यासारख्या बाहेरच्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी तर जास्तच. रिकव्हरी नंबर. पासवर्ड विसरला तर कोड कुठल्या मोबाईलवर पाठवायचा, तो नंबर.

आपण बदल्यांवर जगलेली माणसं. आज रायपूर, उद्या जबलपूर. नंबर तोच ठेवून देशभर कुठेही कंपनी बदलता येईल ही सोय जुलै २०१५मध्ये आली. त्याआधी राज्य बदललं की रोमिंगचे पैसे नकोत म्हणून आपण सरळ नवं सिम घ्यायचो. जुनं ड्रॉवरमध्ये पडायचं आणि रिचार्ज न केल्याने बंद व्हायचं. पण ईमेलला तोच जुना नंबर जोडलेला राहायचा. आणि बंद झालेला नंबर मरत नाही हो, तो दुसऱ्याला मिळतो. ट्रायने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही. म्हणजे त्यानंतर दिला जाऊ शकतो.

मुलीने माझा रिकव्हरी नंबर बघितला तर तो जबलपूरचा निघाला. २०११मधला. मी गंमत म्हणून त्या नंबरला फोन लावला. रिंग गेली. एका मुलीने उचलला, हिंदीत बोलली, कटनीहून. बिचारी कॉलेजात शिकत होती. तिला कल्पनाही नव्हती की माझ्या घराची एक किल्ली गेली काही वर्षं तिच्या खिशात आहे. मी तिला 'राँग नंबर' म्हणून सॉरी म्हणालो, फोन ठेवला, आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

तेव्हा आज काहीच केलं नाहीत तरी एवढं करा. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल काय आहे ते उघडून बघा. नंबर तुमच्याच नावावरचा, चालू, रोज हातात असणारा हवा. बऱ्याच घरांत वडिलांचं खातं मुलाने उघडून दिलेलं असतं आणि नंबर मुलाचा असतो. मुलगा पुढे अमेरिकेला जातो, तो नंबर बंद पडतो, आणि इकडे वडिलांना मेल उघडत नाही. तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. तेही बघून घ्या. आणि चोराने आत शिरून तुमचा रिकव्हरी नंबर बदलला असेल तर घाबरून बसू नका. बदल झाल्यापासून सात दिवसांपर्यंत जुन्या नंबराच्या आधारे खातं परत मिळवायची सोय गूगलकडे आहे. म्हणून त्यात उशीर नको.

जुन्या साइट्सवर एक 'सुरक्षा प्रश्न'ही असतो. आईचं माहेरचं नाव काय? अहो, ते आपल्याकडे गुपित कधी होतं? मामाचं आडनाव लग्नपत्रिकेत छापलेलं असतं, आणि पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर हजार जणांना गेलेली असते. २००८मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं एका कॉलेजच्या पोराने असंच उघडलं. जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची भेट कुठे झाली, ही तिन्ही उत्तरं इंटरनेटवर होती. असा प्रश्न आलाच तर खोटं उत्तर द्या. आईचं माहेरचं नाव 'वांग्याचं भरीत' लिहा, वहीत नोंदवून ठेवा. कोणी रागावत नाही.

पुढचं दार आता लवकर आटपतो, कारण त्याबद्दल तुम्ही बरंच ऐकलंय. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही. हा एक नियम मी पाळला असता तर आज तुमच्यापुढे बोलायला आलोच नसतो. आपला पत्ता कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का हे ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. २०१३पासून चालू आहे. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा. माझा पत्ता टाकला तर एक सोडून चार याद्या निघाल्या.

पासवर्ड कसा असावा? एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी बदला, हे आपल्याला ऑफिसात शिकवलं होतं. हे नियम अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या २००३च्या एका दस्तऐवजातून जगभर पसरले. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. कारण लोक काय करतात? गणेश@१चा गणेश@२ करतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड बरा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. समजा, खलबत्ता, रिक्षा, पाऊस, चुलता. हाच घेऊ नका म्हणजे झालं, आता तो सगळ्यांनी ऐकला. नातवाचं नाव, गाडीचा नंबर, कुलदैवत हे तर नकोच.

आणि वहीत लिहिला तर? तरुण मंडळी हसतील, पण माझ्या मते खुशाल लिहा. दुसऱ्या देशात बसलेल्या चोराला तुमच्या स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडता येत नाही. वही पिशवीत घालून फिरू नका, आणि वहीचा फोटो काढून मेलमध्ये ठेवू नका. हसू नका, मी तेही केलं होतं.

आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा. माझ्या वयाच्या लोकांना ही कटकट वाटते. मलाही वाटायची. गूगलने २०१९मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन डिएगोच्या विद्यापीठांबरोबर एक अभ्यास केला. नुसता एसएमएसचा कोड असला तरी आपोआप चालणारे सगळे हल्ले थांबले. लोकांना सरसकट फसवणाऱ्या मेलमधून होणारे ९६ टक्के थांबले. एखाद्या माणसाला नेमकं हेरून केलेले ७६ टक्के थांबले. एसएमएसऐवजी फोनवर 'हे तुम्हीच का?' असं विचारणारी सूचना असेल तर शेवटचा आकडा ९० टक्क्यांवर गेला. माझ्यावर झालेला हल्ला पहिल्या प्रकारचा होता. आपोआप चालणारा. म्हणजे हे एक बटण चालू असतं तर रात्री दोन वाजता तो दारातच अडकला असता.

फक्त त्या सूचनेला सवयीने 'हो' म्हणू नका. तुम्ही स्वतः लॉगिन करत नसाल आणि फोन विचारत असेल, तर कोणीतरी तुमचा पासवर्ड टाकून दारात उभं आहे. 'नाही' दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. आणि हो, टू-स्टेप चालू केल्यावर गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. फोन हरवला तर तेच कामाला येतात. प्रिंट काढा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.

एवढं करूनही माणूस फसतो, कारण किल्ली तो आपल्या हाताने देतो. १९ मार्च २०१६ला हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाला, जॉन पोडेस्टा यांना, गूगलसारखा दिसणारा मेल आला. कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, इथे दाबून बदला. ऑफिसातल्यांनी तो आपल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवला. त्याने उत्तर लिहिलं, हा मेल खरा आहे. त्याला लिहायचं होतं खोटा आहे. इंग्रजीत दोन अक्षरं राहून गेली, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच उत्तरात त्याने गूगलची खरी लिंकही दिली होती आणि टू-स्टेप चालू करा असंही लिहिलं होतं. पण दाबली गेली मूळ मेलमधलीच लिंक. ऑक्टोबरमध्ये, ऐन निवडणुकीत, त्यांचे हजारो मेल विकीलीक्सवर आले. म्हणून मेलमध्ये आलेल्या बटणाने पासवर्ड कधीच बदलायचा नाही, मेल खरा असला तरी. तो बंद करायचा, ब्राउझर उघडायचा आणि आपणहून आपल्या खात्यात जायचं. घरी आलेल्या अनोळखी माणसाने दिलेल्या पत्त्यावर जाऊन आपण आपली बँक शोधतो का?

दादाच्या पैशांचं काय झालं, विचाराल. सायबर सेलला तक्रार दिली, पण तीन महिने उलटून गेले होते. ज्या खात्यात पैसे गेले ते केव्हाच रिकामं झालं होतं. आता १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेले की पहिल्या तासात तिथे फोन केला तर पुढच्या बँकेत ते अडवण्याची शक्यता असते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण माणूस सापडला तर ना.

मी दादाला पैसे द्यायला गेलो. तो घेईना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, "अरे, पैशाचं जाऊ दे. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा हक्काने मागितलंस असं मला वाटलं होतं. दोन महिने त्याचंच बरं वाटत होतं." यावर काय बोलणार? आता आमच्या घरात एक ठरलंय. पैशाची गोष्ट मेलवर, मेसेजवर कशीही आली तरी आधी फोन करायचा. अवघड वाटलं तरी करायचा. फोनवर आवाज ओळखता आला नाही तर आजोळच्या घरातल्या गाईचं नाव विचारायचं. ते मी इथे सांगत नाही.

जाता जाता एक, कारण गेल्या वेळी ग्वाल्हेरच्या एका बाईंनी विचारलं होतं. त्यांचे यजमान गेले, मुलांनी महिन्याभरात मोबाईल नंबर बंद केला, आणि मग लक्षात आलं की विम्याचे आणि फंडांचे सगळे कागद त्यांच्या मेलमध्ये आहेत आणि कोड त्या बंद नंबरवर जातोय. तेव्हा घरातलं माणूस गेलं तर सिम घाईने बंद करू नका, व्यवहार संपेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. आणि आपण हयात असतानाच गूगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये जाऊन लिहून ठेवा की अमुक महिने मी खातं उघडलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं. २०१३पासून ही सोय आहे. नाहीतर दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. मी त्यात मुलीचं नाव घातलंय. तिला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही. मग तिनेही स्वतःच्या खात्यात माझं घातलं.

बरं, थोडं पाणी पितो. तुमचे प्रश्न आलेत, ते घेऊ. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विचारलंय की नवरा-बायकोचा एकच ईमेल असला तर चालेल का. चालत नाही. का ते सांगतो.